वाढलेल्या गोळ्या

जयमालाबाईंनी जन्मात कधी 'संपलं' म्हटलं नाही. त्यांच्या घरात तांदूळ वाढायचे, मीठ वाढायचं, बांगडी फुटली तरी ती वाढायची. अभद्र बोललं की ते खरं होतं, असं त्यांच्या आईने शिकवलं होतं.

नवऱ्याच्या, दिनानाथांच्या, हृदयाच्या गोळ्या खांदेश्वरला मिळत नसत. मुलगा प्रसाद त्या नेरूळहून आणून द्यायचा. बुधवारी बाईंनी त्याच्याकडे फोन लावला, तो सुनेने उचलला. श्रुती दिल्लीत लहानाची मोठी झालेली.

"यांच्या गोळ्या वाढल्या गं. प्रसादला सांग."

"सांगते, आई."

श्रुतीने सांगितलं, गोळ्या जास्त झाल्यात, इतक्यात आणू नकोस. इकडे बाई वाट बघत राहिल्या. पुन्हा फोन केला तर सून म्हणेल, सासू टोचते. शनिवारी दुपारी दिनानाथ गेले.

बायका जमल्या. श्रुती दाराशी रडत होती. "आई, मला वाटलं, उरल्यात."

शेजारीण हळूच म्हणाली, "जयमालाताई, बांगड्या वाढवायच्या ना?"

बाईंनी दोन्ही हात पुढे केले.

"फोडायच्या म्हणा," त्या म्हणाल्या. "हिला कळेल असं बोला."