म्हशीनं खाल्लेली कुंडी

बार्शीहून भूमच्या एसटीत बसले तेव्हाच माझं डोकं तापलेलं होतं, आणि ते काही नुसत्या उन्हानं नव्हे. विमल आणि मी पुण्यात एकाच प्रयोगशाळेत शिकलो. मातीत विरेल असं प्लॅस्टिक करायचं वेड आधी माझं. माझ्या प्लॅस्टिकचे पत्रे पापडासारखे तडकत राहिले, आणि ही बाई गावी मास्तरीण होऊन ते करून मोकळी झाली! वर निरोप, "बघायला ये." बघायला कसली, जळायलाच निघाले होते मी.

बाहेर उघडी रानं, कोरडे ओढे, दुष्काळी कामावर खडी फोडणारी माणसं. शेजारच्या आजींनी विचारलं, "कुठं निघालात?"

"मैत्रिणीकडं."

"मंग त्वांड का आसं?"

काय सांगणार, कप्पाळ!

विमलच्या आईनं भाकरी आणि येसराची आमटी (भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची) वाढली. त्या आमटीतही काही खोट सापडते का, ते मी बघत होते. सापडली नाही.

जेवून आम्ही सहकारी संस्थेच्या रोपवाटिकेत गेलो. रोपांच्या काळ्या पिशव्यांऐवजी विमलच्या कुंड्या घ्यायच्या का, ते आज ठरणार होतं. चिंचोक्याची खळ ग्लिसरीन घालून शिजवायची, की झालं प्लॅस्टिक. त्याला बळ म्हणून दळलेल्या तुराट्या (तुरीचे वाळके दांडे). तुराट्या! मला मेलीला का नाही सुचल्या? कुंडी रोपासकट पुरायची, ती मातीत विरते.

पिशवी खाऊन कुणाची तरी गाय दगावल्यापासून इथं नवी वस्तू आधी जनावरापुढं टाकतात. चेअरमन अण्णांनी रोप लावलेली कुंडी म्हशीपुढं ठेवली. म्हशीनं रोप खाल्लं, मग कुंडीही चाटूनपुसून खाल्ली.

"जनावराला बाधायची न्हाय, हे झ्याक," अण्णा म्हणाले. "पण बाई, झाडं लावायची का चारा वाटायचा? संस्थेला न्हाय जमायचं."

मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. खोटं कशाला बोलू? यावरचा उपाय मला ठाऊक होता. वाळवी लागू नये म्हणून मी माझ्या पत्र्यांत लिंबोळीची पेंड घालत असे, कडूजहर. गप्प बसले असते तर कुणाला कळलं असतं? पण संस्थेची मंडळी उठायला लागली. विमल खाली बसून म्हशीच्या पायाशी पडलेले तुकडे वेचत होती, आणि माझ्या तोंडून निघूनच गेलं, "अगं, लिंबोळीची पेंड घाल की त्यात!"

मुक्काम वाढवला. पेंड घातलेली कुंडी वाळली तशी तीही म्हशीपुढं गेली. म्हशीनं हुंगलं, फुर्रकन तोंड फिरवलं.

"जमलं!" अण्णा म्हणाले. "शाब्बास, विमलबाई!"

"माझी कसली शाब्बासकी, अण्णा? पेंड हिनं सांगितली. आणि असलं प्लॅस्टिक करायचं मुळात हिच्याच डोक्यात आलं होतं. कुंडी दोघींची म्हणा."

सगळ्यांनी माझ्याकडं कौतुकानं बघितलं. मला कुठं तोंड लपवू असं झालं.

परतीच्या एसटीत एकच विचार छळत होता. तिच्या जागी मी असते, तर चारचौघांत तिचं नाव घेतलं असतं का? हट्! जाताना तिच्या डोक्याचा हेवा होता. आता तिच्या मनाचा वाटतो, आणि हा जास्त जाळतो.