आण्णांनी पर्वतीवरून पाहिलेलं पुणं

आटपाडीच्या स्टँडवर मी कॉलेजला जायला एसटीत बसले तेव्हा आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कंडक्टरला तीनदा विचारलं, "ही पुण्यालाच जाती न्हवं?"

"न्हाई मामा, लंडनला जाती. बसताय का?"

आण्णा हसले नाहीत. गावातला एक जण दोन वर्षं कॉलेजात आहे म्हणून सांगत होता आणि निघाला हॉटेलात कामाला. तेव्हापासून त्यांना सांगणाऱ्या प्रत्येकाचा संशय येतो. आमच्या घरात कॉलेज पाहिलेलं कुणीच नाही, त्यामुळे खरं काय ते त्यांना सांगणारंही कुणी नव्हतं.

पहिल्याच महिन्यात मैत्रिणीबरोबर पर्वतीवर गेले. सकाळचं ऊन, खाली घरंच घरं, मधूनच झाडं, क्रेन, पलीकडे डोंगरांची निळी रेघ. एवढं मोठं शहर आणि मी त्याच्या वर उभी! चाळीसेक फोटो काढले. त्यातला सगळ्यात चांगला घरी पाठवला. त्यात एकही माणूस नव्हता. मला तेच सुंदर वाटलं होतं.

लगेच आण्णांचा फोन. "ह्यात तू कुठं हायस?"

"फोटो मीच काढलाय, आण्णा."

"मग कुणीबी काढला असंल. आन तुला एवढ्या वर नेलं कुणी?"

मैत्रिणीचं नाव सांगितलं. त्यांनी फोन ठेवला. चौथ्या दिवशी पुण्यात हजर. आईने आधीच बजावलं होतं, "त्यांचं मन न्हाई भरलं तर तुला संगं घिऊनच येत्यात. बॅग भरून ठेव." मी भरली होती.

हॉस्टेल दाखवते म्हटलं, तर म्हणाले, "आधी वरनं बघू." आमच्यात मेंढरं नव्या रानात न्यायच्या आधी कुणीतरी टेकाडावर चढून पाणी, वाटा, वस्ती बघून येतं. खालचे लोक काही का सांगेनात.

पर्वतीवर लोक सेल्फी घेत होते. आण्णा कपाळावर हात धरून बराच वेळ बघत राहिले.

"एवढ्यांना पाणी कुठनं येतं?"

"खडकवासल्याच्या धरणातनं."

"आन तुझं हॉस्टेल?"

मी शोधलं. सापडेना. एक पिवळी इमारत दिसत होती. तिच्याकडे बोट केलं असतं तर त्यांना कळलंही नसतं. हात उचललाही होता, मग खाली घेतला.

"न्हाई सापडत, आण्णा."

वाटलं, शिक्षण संपलं. ते माझ्याकडे बघत होते.

"मलाबी नव्या मुलखात वरनं आपला तळ सापडत न्हाई लवकर. झटकन सापडला म्हणणाऱ्याचंच भ्या वाटतं. चल, चालत जाऊ."

हॉस्टेलच्या फाटकावर वॉचमनने त्यांना अडवलं. नाव, गाव, नातं विचारलं, आधारकार्ड मागितलं, फोटोशी चेहरा दोनदा ताडून पाहिला. आण्णा दिवसभरात पहिल्यांदा खूश दिसले.

"ह्यो बरा हाय. ह्यालाबी कुणाचं खरं वाटत न्हाई." मग मला म्हणाले, "ऱ्हा हितंच." आणि स्टँडकडे निघून गेले.

माझ्यासारख्या घर सोडून आलेल्यांना हे कळेल, असं वाटतं. इथे मी काहीही सांगितलं तरी लोक "हो का?" म्हणतात आणि पुढे जातात. माझं बोलणं खरं आहे का ते बघायला सहा तास एसटीत बसून कुणी येत नाही. आण्णा येतात, आणि त्यांचा मला कधीकधी जाचही होतो. पण घर म्हटलं की आता मला तेच आठवतात.