श्रेणिकआण्णांच्या पाकळ्या

कुंडलच्या श्रेणिकआण्णांचा आवाज काढायचा असेल, तर आधी नाक चोंदल्यासारखं करायचं आणि ‘क्वालिटी’ हा शब्द पार घशातून उचलून आणायचा. “क्वालिटी म्हंजे वजन असतंय. उसाचं बी तेच, अन् व्हिडिओचं बी तेच.” लग्न असो, बारसं असो, आण्णांनी शूटिंग करून दिलेला व्हिडिओ इतका जड की फोन बिचारा गुदमरायचा. आणि तोंड कुणाचंही असो, त्यावरून कॉम्प्युटरवर टाकलेल्या गुलाबाच्या पाकळ्या पडत राहायच्या. सुरुवातीपासून शेवटापर्यंत. ती आण्णांची सही. पाकळ्या दिसल्या की आख्खं गाव म्हणायचं, श्रेणिकचं काम.

मग सांगलीत व्हिडिओ शूटिंगचं दुकान असलेल्या गोमटेशनं गावातल्या एका लग्नाचा व्हिडिओ गावाच्या ग्रुपवर टाकला. चहाला उकळी यायच्या आत तो सगळ्यांच्या फोनवर उतरला, आणि नवरीच्या नथीतला मोती न् मोती दिसत होता.

आण्णांनी तो पाहिला. परत पाहिला. मग फाइल केवढी आहे ते पाहिलं आणि चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

“एवढीच?”

आण्णांची बायको, सुंदरीकाकी, शेंगा फोडत होत्या. “लय सुरेख आलाय की. माझ्या मावशीची वळख लागली.”

“आपल्या व्हिडिओत लागत न्हाई?”

“लागती. पर आधी तो उतरावा लागतोय न्हवं. तवर मावशी घरी येऊन जाती.”

त्या दिवसापासून आण्णांना गोमटेश खुपायला लागला. त्याचे केस खुपले, त्याची पांढरी गाडी खुपली, वाकून ‘जय जिनेंद्र, काका’ म्हणणं तर फारच खुपलं. “वाकतंय बघ कसं. रबराचंच हाय.”

त्यातच गावातल्या जैन मंदिराच्या पंचकल्याणक पूजेचं शूटिंग कुणाला द्यायचं, हे ठरायचं होतं. अशी पूजा गावात क्वचित होते. ती ज्यानं टिपली, त्याचं नाव घराघरांत राहतं. कमिटीचे अध्यक्ष भरतेशतात्या प्रत्येक गोष्ट दोनदा बोलतात. त्यांनी आण्णांना आणि गोमटेशला सांगितलं, “नमुना पाठवा. नमुना पाठवा म्हंजे कळंल. पुण्या-बेंगलोरच्या पोरांना फोनवर बघता आला पायजे. फोनवर, व्हय. अन् तोंडं दिसली पायजेत. तोंडं.”

आण्णा मागच्या अभिषेकाचा व्हिडिओ घेऊन तो चेपून हलका करायला बसले. चित्राचा आकार निम्मा केला, मग पुन्हा निम्मा. फाइल हलकी झाली, पण दुधाचा कलश घेतलेले तात्या नुसते चौकोनी तुकड्यांचे दिसायला लागले.

काकी वाकून बघत म्हणाल्या, “हे तात्या हाईत का शहाबादी फरशी?”

शेवटी बेदाण्याचं काम आहे असं सांगून आण्णा सांगलीला गेले. गोमटेशच्या दुकानात पाणीसुद्धा घेतलं नाही. “एका पाव्हण्याचा व्हिडिओ हाय. जड हाय. त्येला इचारायचं हुतं, तू कसा करतोस.”

गोमटेश हसला असता तर बरं झालं असतं. तो हसला नाही. नीट बघून म्हणाला, “काका, यात लपवण्यासारखं काय न्हाई. आकार तोच ठेवायचा, फक्त नवा फॉरमॅट निवडायचा. भिंत, खांब, मूर्ती, जे हलत न्हाई ते मशीन सारखं सारखं साठवत बसत न्हाई. हलतंय तेवढंच नवीन घेतंय. पण पाव्हण्यानं पाकळ्या पाडल्यात न्हवं, त्यामुळं सगळं चित्रच हलतंय. मशीननं वाचवायचं काय? पाकळ्या काढा म्हणावं.”

पाकळ्या काढा. एसटीत आण्णा तेवढंच चघळत आले. “डाव हाय ह्यो. माझी सही पुसतंय. उद्या म्हणंल, नाव बी काढा, हलकं हुईल.”

तरी घरी येऊन त्यांनी दार लावलं आणि पाकळ्या काढल्या. गोमटेशनं सांगितल्यासारखी फाइल बनवली. ती एवढीशी झाली. चालू केली, तर दुधाची धार, तात्यांच्या कपाळावरचं गंध, मागं बसलेल्या बायकांचं एकेक तोंड. हे सगळं पाकळ्यांखाली होतं, आणि ते आण्णांनीच टिपलं होतं.

काकी बघतच राहिल्या. “आवं, तुमी येवढं चांगलं काढता?”

यावर खूश व्हावं की नाही, ते आण्णांना ठरवता येईना. त्यांनी नमुना पाठवून दिला.

संध्याकाळी तात्यांचा फोन आला. काकींनाही ऐकू जावं म्हणून आण्णांनी स्पीकर लावला.

“श्रेणिक, काम तुलाच. तुलाच दिलं. गावात माणूस हाय तर भाईर कशाला जायचं? नमुना लय भारी. लय भारी हाय.”

“व्हय, तात्या.” आण्णांचा आवाज गुळासारखा झाला होता.

“गोमटेशकडनं करून घेतलास न्हवं? घेतलाच असणार. पाकळ्या न्हाईत, म्हंजे तुझा हात न्हाई. चांगलं केलंस. पूजेला बी तसाच घे करून. अन् त्याला सांग, तात्यांनी शाबासकी दिली म्हणावं. शाबासकी.”

आण्णांनी काकींकडे पाहिलं. काकींनी शेंगांकडे पाहिलं.

“सांगतो,” आण्णा म्हणाले.

पूजा होऊन गेली, व्हिडिओ पुण्या-बेंगलोरला पोचला. सांगलीला शाबासकीचा निरोप तेवढा अजून पोचलेला नाही. गोमटेश दिसला की आण्णा त्याला मुद्दाम थांबवतात, तोंड उघडतात, आणि त्याच्या आईची तब्येत विचारतात.