भाऊबीजेची सही

ओवाळून घ्यायला बसलेल्या भावाला बहीण नाही म्हणत नाही, हे माझ्या धाकट्या भावाला चांगलं ठाऊक होतं. म्हणूनच त्यानं तो मुहूर्त धरला. कपाळावर कुंकू लागलं आणि पाटावरूनच म्हणाला, "ताई, गाडी तुह्या नावावर काढून दे ना. मह्यं रेकॉर्ड खराब हाय, मले कोनी कर्ज देऊन नाही राह्यलं."

मी चिखलीच्या एका शाळेत कारकून. आमच्या खानदानात पगाराची पावती असलेली मी एकटीच, त्यामुळे माझं नाव म्हणजे सगळ्यांच्या दारातला हापसा. आई म्हणाली, "सनाच्या दिवशी भावाले नाही म्हनू नये." मी निरांजन खाली ठेवलं आणि त्यानं सोबत आणलेल्या कर्जाच्या अर्जावर सही केली.

सात-आठ हप्ते त्यानं भरले, मग हात वर केले. फोन मला यायला लागले. एकदा वसुलीवाला थेट शाळेत आला आणि मुख्याध्यापकांसमोर माझं नाव घेऊन ओरडला. भाऊ म्हणे, "भरतो ना, काऊन घाबरून राह्यली?"

पुढे त्यानंच सेटलमेंट आणली. थकबाकीतली अर्धी रक्कम एकदम भरायची, बाकीची फायनान्स कंपनी सोडून देणार. पैसे अर्थातच माझे. वर हा शेगावहून पेढे घेऊन आला. "पाह्य, अर्ध्यात निपटवलं!" आम्ही सगळे खूश. मीही दोन पेढे खाल्ले.

मग माझ्या मुलीला अकोल्याला नर्सिंगची सीट मिळाली. फीसाठी कर्ज काढायला आम्ही दोघी बँकेत गेलो. साहेबांनी कॉम्प्युटरवर पाहिलं आणि चष्मा काढला. "मॅडम, तुमच्या नावापुढे सेटल्ड लिहिलंय. म्हणजे कर्ज फिटलं नाही, तडजोड झाली. उरलेलं भरा, दाखला आणा. पण नोंद बदलायला वेळ लागेल."

फी भरायला चार दिवस उरले होते. सीट गेली. पोरीनं फक्त मार्कशीटा परत पिशवीत घातल्या. ती भांडली असती तर बरं झालं असतं. मला किळस आली. भावाची आलीच, पण त्याहून जास्त त्या दोन पेढ्यांची आणि ते मिटक्या मारत खाणाऱ्या माझी.

यंदाच्या भाऊबीजेला तो गावाहून त्याच गाडीवर आला. हँडलला दसऱ्याचा वाळका झेंडू तसाच. मी पाट मांडला, कुंकू लावलं, ओवाळलं. त्यानं ताटात पाचशेची नोट टाकली. मी ती उचलून त्याच्या खिशात घातली.

"किल्ली टाक."

"मजाक करतं का वं ताई?"

"गाडी मह्या नावावर हाय. विकतो अन् राह्यलेले भरतो. पोरीचं एक वर्स गेलं, दुसरं नाही जाऊ देत."

आई मध्ये पडली, "सनाच्या दिवशी असं काऊन वं?"

"सही सनाच्याच दिवशी घेतली होती त्यानं."

त्यानं आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. शेवटी किल्ली ताटात पडली. भावाचं तोंड एवढंसं झालं होतं. "अन् मी आता घरी जाऊ कसा?"

माझी मुलगी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. इतक्या महिन्यांत ती त्याच्याशी पहिल्यांदाच बोलली.

"मामा, शेवटची यष्टी सहाले हाय."