एक हात कठड्याला

आमच्या शेजारचे साळवीकाका समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर कंत्राटी फिटर आहेत. चौदा दिवस तिथे, चौदा दिवस घरी. काल परतले तेव्हा त्यांच्याकडे दोन पिशव्या होत्या. त्यांनी एकच उचलली, दुसरा हात कठड्यावर ठेवून चार मजले चढले आणि दुसरीसाठी पुन्हा खाली आले.

“काका, इथे खाली समुद्र नाहीये,” मी चिडवलं.

“हाताला कुठे ठाऊक?” ते हसले. “तिथला नियमच आहे, एक हात सामानाला, एक जिन्याला. आमच्या टोळीतला रफिक एकदा घाईत दोन्ही हात भरून उतरला. ओलं लोखंड. अजून काठी घेऊन चालतो.”

वरून त्यांची चिमी ओरडली, “बाबा, लवकर!”

“आलो गं, पण सावकाश!”

मी समुद्रातल्या तेलउपशाविरुद्ध पत्रकं लिहिते, उद्याही लिहीन. पण आज सकाळी चहाखालची, तिथूनच येणाऱ्या गॅसची निळी ज्योत पाहताना मला पहिल्यांदाच त्या ओल्या जिन्यावरचे हात दिसले. इतकी वर्षं त्यांनी माझा चहा उकळला आणि माझ्या एकाही पत्रकात त्यांचे आभार नाहीत.

नंतर पत्रकांचा गठ्ठा घेऊन निघाले. जिन्याशी थांबले, दोरी सोडून गठ्ठा अर्धा केला आणि एक हात कठड्याला लावून दोन खेपांत खाली नेला.