जनानखान्यातला निळा दोरा

माणूस बोलायचा कमी आणि टाके घालायचा जास्त, म्हणून सगळे त्यांना टाकेदादा म्हणत. आईबापांमागे धाकट्या बहिणीला त्यांनीच वाढवलं, हातात सुई धरायला शिकवलं आणि थाटात मोठ्या घरी दिलं. मोठं घर, पोकळ वासा म्हणतात ते उगाच नाही. त्या घरात बायकांचा भाग वेगळा होता, जनानखाना. बाहेरच्या पुरुषाने तिथे पाऊल टाकायचं नाही, मग तो सख्खा भाऊ का असेना.

कपडे शिवायला मात्र भाऊ चालायचा. आतल्या बायकांची मापं मोलकरीण दोऱ्यावर गाठी मारून आणायची. एक गाठ छातीची, एक कमरेची, एक बाहीची. बहिणीचा दोरा निळा. लग्नानंतर दादांना ती दिसली ती एवढीच.

एकदा निळ्या दोऱ्यावरच्या गाठी जवळ आल्या. मोलकरणीने माप घेताना दोरा ताणला असणार म्हणून दादा हसले आणि जुन्याच मापाने शिवून मोकळे झाले. पुढच्या खेपेलाही तेच. कपडे परत आले नाहीत, तेव्हा आपलंच बरोबर. मुरलेल्या कारागिराला स्वतःची चूक कधी दिसते का?

त्यानंतरचा दोरा आला, तो दादांनी दोनदा पट्टीवर लावून पाहिला. इतकी बारीक कंबर लहान मुलीची असते. दुकानात बसलेल्या गुरुजींना त्यांनी विचारलं, जनानखाना म्हणजे नेमकं काय हो? गुरुजी म्हणाले, शब्द फारसीतून आलाय. जनान म्हणजे बायका, खाना म्हणजे घर. बायकांचं घर, बस.

"मग यात पहारा कुठंय?"

"शब्दात नाही," गुरुजी म्हणाले. "तो माणसांनी बसवला."

दादा तडक निघाले. कपडा बहिणीच्या अंगावर घालून बघायचाय म्हणाले, दारवानाच्या हातापाया पडले. पालथ्या घड्यावर पाणी. दार उघडलं ते पंधरवड्याने, सताड. तिला खांदा द्यायला पुरुष लागणार होते, त्यामुळे आता कोणालाच मनाई नव्हती.

आत तिचे कपडे रचून ठेवले होते. दादांनी सवयीने एक उलटा करून पाहिला. दोन्ही बाजू आत घेऊन हाताने शिवलेल्या होत्या. दुसराही तसाच.

"मी म्हटलं परत पाठवते," मोलकरीण म्हणाली. "तर म्हणाल्या, नको. दादाचं माप चुकलं म्हणून सगळे त्याला बोलतील."