उभ्या राहिलेल्या घासाचा पंचनामा

दुष्काळानंतरच्या दुसऱ्या वर्षाचा माघ : उसावरचे तणनाशक भर वाऱ्यात मारले गेले. जबाबदार, शेजारचे बागायतदार. त्याच महिन्याची अखेर : पंचनामा झाला. जबाबदार, गावाने निवडलेले पाच पंच. पुढच्या वर्षाचा फाल्गुन : पंचांना रीतसर बोलावले आणि ते आले नाहीत. जबाबदार तेच पाच जण, आणि ते पाहून गप्प बसलेले आमचे दौंड तालुक्यातले सबंध गाव. नावे लिहीत नाही. ज्यांची आहेत त्यांना ती ठाऊक आहेत.

ज्यांच्यासाठी हे लिहितो, त्यांना तुमच्यापैकी अनेकांनी दौंड स्टेशनाबाहेर टांग्यांच्या रांगेत पाहिले असेल. सायकलवर लसूणघासाच्या पेंढ्या, डोक्याला विटका रुमाल. पेंढी सोडली की पहिली काडी स्वतः चावायची, मग बाकीची घोड्यापुढे टाकायची. "आधी मी, मग जनावर," असे म्हणत. गाव त्यांना भाई म्हणे. मी तेव्हा कोर्टात साधा कारकून होतो, तरी ते मला वकीलसाहेब म्हणत. माझे कायद्याचे बोलणे लांबले की घोड्याची मान थोपटून सांगत, "ह्याचं बरं हाय वकीलसाहेब. खातंय आन् गप बसतंय."

त्या माघात औषधाचा फवारा बांध ओलांडून त्यांच्या घासावर आला. दोन-चार दिवसांत काड्या दोरीसारख्या पिळवटल्या, पाने पिवळी पडली. भाईंनी एक काडी चावली, थुंकली, आणि तसेच स्टेशनावर जाऊन टांगेवाल्यांना सांगून आले की माझ्या घासावर औषध उडाले आहे, सध्या माझ्याकडून घेऊ नका. स्वतःच्या धंद्याविरुद्ध इतकी स्पष्ट साक्ष मी कोर्टातही कधी ऐकली नव्हती.

एक गोष्ट मात्र विलक्षण होती. मेलेल्या घासात मधूनमधून काही ठोंब हिरवेगार उभे होते. पुढे शेतीखात्यातल्या एका परिचिताने मला समजावले की बियांपासून आलेला घास सगळा एकसारखा नसतो. त्यातली काही झाडे असे औषध सोसण्याची ताकद जन्मतःच घेऊन येतात. भाईंना याचे काही नवल वाटले नाही. "ढीट हाईत, दुसरं काय?" म्हणाले.

औषध आमच्या बांधाबाहेर गेलेच नाही, असे बागायतदारांनी सांगितले. पंचनामा ठरला. टांगेवाल्यांनी भाईंना सुचवले की पंच येण्याआधी ते हिरवे ठोंब उपटून टाका, म्हणजे 'हे कसे जगले' असा प्रश्नच उरणार नाही. भाईंना राग आला. "सगळं मेलं, एवढी जगली. आन् ती मीच उपटू व्हय?"

पंच आले आणि बांधावरच उभे राहिले. थोरल्या पंचांनी काठीने एक हिरवा ठोंब दाखवला. "औषध आलं आसतं तर ह्ये कसं ऱ्हायलं, भाई? पानी दिलं न्हाई तुम्ही, म्हनून वाळलं. उगं दुसऱ्यावर ढकलू नका."

वाळलेला घास आणि पिळवटलेला घास यांतला फरक पाहण्यासाठी बांधावरून खाली उतरावे लागते. खाली चिखल होता, चपला भरतील म्हणून कोणी उतरले नाही. आणि त्याच चिखलाच्या काठावर उभे राहून, पाणी न दिल्याने पीक वाळले, तक्रार खोटी आहे, अशा मजकुरावर पाचही जणांनी सह्या केल्या. मी तिथेच हरकत घेतली. थोरले पंच म्हणाले, "कोर्ट दौंडात ठेवून येत जा."

भाईंनी ते ठोंब कापले नाहीत. त्यांना फुले येऊ दिली, मुळातच पीळदार असणाऱ्या शेंगा पिकू दिल्या आणि ते बी कार्तिकात पेरले. बी पुरले नाही म्हणून उरलेल्या वाफ्यांत बाजारचे टाकले. माघात पुन्हा तेच औषध, तसाच वारा. बाजारच्या बियाणाचा घास पिळवटून मेला. घरच्या बियाणाची पाने जरा आखडली, आणि आठवड्याभरात सरळ झाली. एकच माती, एकच पाट, मध्ये हातभर वरंबा. याहून बोलका पुरावा मी माझ्या नोकरीत पाहिला नाही.

पंचांना निरोप द्यायला मीच गेलो. थोरले पंच ओसरीवरून उठलेही नाहीत. "घास हुभा हाय न्हवं? मग बघायचं काय त्यात?"

तरी येतील, असे भाईंना वाटत होते. त्यांनी बांध झाडला, घोंगडी अंथरली, घरून किटली आणि कपबश्या आणल्या. या वेळी कोणाच्या चपला भरू नयेत म्हणून पाटाचे पाणी आदल्या दिवशीच बंद केले होते. दुपार कलली. चहा दोनदा गरम केला. वाटेने जाणारे लोक घोंगडीकडे पाहत आणि काही न विचारता पुढे जात. शेवटी आम्ही दोघांनीच एकेक कप घेतला.

"वकीलसाहेब, मला भरपाई नको," भाई म्हणाले. "भाई खोटं बोलला न्हाई, एवढं त्या कागदावर लिवा म्हनावं."

मी अर्ज केले. उत्तर आले नाही. गावात पोरेसुद्धा त्यांच्या घासाला खोटा घास म्हणू लागली. भाई स्टेशनावर जायचे बंद झाले. टांगेवाले बोलवीत, पण यांचीच मान वर होईना. त्याच उन्हाळ्यात बियाणाची पिशवी घेऊन ते शिरूर तालुक्यात, न्हावऱ्याला लेकीकडे राहायला गेले. त्यांना सोडायला एसटीपर्यंत गावातले कोणी आले नाही. हे माझेच गाव आहे.

यंदा भाई न्हावऱ्यातच वारले. मी मातीला पोहोचलो. नंतर लेकीने मला मळ्यात नेले. त्याच पिशवीतल्या बियाणाचा घास गुडघ्याला लागत होता.  मग तिने विचारले, "काका, अब्बांचा त्यो कागद बदलला का वो?"

तो बदललेला नाही, म्हणून हे लिहितो आहे.

पाचही पंच हयात आहेत. माझी मागणी एवढीच आहे : येत्या बाजारच्या दिवशी त्यांनी तो पंचनामा घेऊन चावडीवर यावे आणि गावासमोर सांगावे की आपण बांधावरून खाली का उतरलो नाही, आणि बोलावल्यावर का आलो नाही. उत्तर मला खाजगीत नको. भाईंची लेक त्या दिवशी चावडीवर बसलेली असेल; ते तिच्या तोंडावर द्यावे.